भेगेतला रंग

डॉफिन, मॅनिटोबा
१६ एप्रिल २०२३

एनार,

ओरेस्ट नोव्हेंबरात गेला. तुला कुणी सांगितलं असेल-नसेल. मी कळवलं नव्हतं. मधमाश्यांच्या पेट्यांवर थंडीची आवरणं घालायला गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतला नाही, म्हणून बघायला गेले. पेटीला टेकून बसलेला होता. हृदय बंद पडलं, म्हणाले डॉक्टर.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे. तुझा पत्ता गिमलीच्या तुझ्या चुलतबहिणीकडून, रूनाकडून घेतला. फोन नंबरही देत होती. मला तुझा आवाज ऐकायचा नाही, म्हणून घेतला नाही.

नवऱ्यामागे एकटीने होईना, म्हणून शेत विकलंय. ऑक्टोबरअखेर ताबा द्यायचा आहे, तोवर शेड रिकामी व्हायला हवी. शेडच्या मागच्या कोपऱ्यात तुमचा तो सहलीचा ट्रेलर अजून उभा आहे. तुझा आणि डार्काचा. अपघातानंतर ओरेस्टने ट्रॅक्टरने खड्ड्यातून ओढून आणला आणि ताडपत्री घालून ठेवला, तो तसाच. बारा वर्षांत त्याने ना तो कुणाला विकू दिला, ना मोडीत घालू दिला. मी त्या कोपऱ्यात जात नसे. माझी सख्खी धाकटी बहीण ज्या प्रवासात गेली त्या प्रवासातली ती वस्तू. मी कशाला जाऊ?

मी भंगारवाल्याला बोलावलं होतं. पण तुझी सिग्नी म्हणाली, "तेता, तो माझा आहे. मी त्यात झोपायचे." ती आता वीस वर्षांची आहे, ब्रँडनला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात. बारा वर्षांत तिने या तेताकडे, मावशीकडे, हट्टाने काही मागितलं नाही. म्हणून मी तो दुरुस्त करायचं ठरवलं आहे. मीच करणार, माझ्या हाताने.

ट्रेलर कागदोपत्री तुझ्या नावावर आहे. सोबतच्या कागदावर खाली सही करून पाठव, म्हणजे तिच्या नावावर करता येईल.

डार्काच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये मी तुला सगळ्यांदेखत जे बोलले, ते मागे घ्यायला हे पत्र लिहिलेलं नाही. गैरसमज नको.

स्टेफा


९ मे

एनार,

कागद मिळाला. सही जागच्या जागी आहे. आभारी आहे.

सोबत तू चिठ्ठीवर एकच ओळ लिहिलीस, "तिला गाडीत अजून मळमळतं का?" हो, मळमळतं. स्वतः चालवत असली की नाही. दुसऱ्याच्या शेजारी बसली की खिडकी उघडते आणि आल्याची गोळी चघळते.

ताडपत्री काढली. पुढचा डावा कोपरा चेपून फुटलाय; बाकी कवच शाबूत आहे. फायबरग्लासचं हे एक बरं असतं. लोखंड असतं तर गंजून भुगा झाला असता. आत मात्र उंदरांनी संसार थाटले होते. गादीतला कापूस, पडद्यांच्या चिंध्या, कुठून कुठून आणलेली सूर्यफुलाची टरफलं. तोंडाला फडकं बांधून तीन दिवस नुसतं उपसत होते. वास अजून माझ्या केसांतून जात नाही.

रविवारी सिग्नी आली. दारात उभी राहिली, आत पाय टाकेना.

"एवढुसा होता?" म्हणाली.

"तू एवढुशी होतीस म्हणून मोठा वाटायचा."

"मी त्या वरच्या फळीवर झोपायचे ना?"

"हो. आणि तुझी आई खालून पायाने फळीला ढोसायची."

ती हसली नाही. आत गेली, फळीवर हात ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "मला अभ्यास आहे." आणि गेली.

टेबलाच्या खणात पत्त्यांचा जोड निघाला, आणि गुण मांडलेला एक कागद. तीन रकाने आहेत, ए, डी आणि एस. डार्काचंच अक्षर. एस सगळ्या डावांत जिंकली आहे. तुम्ही दोघं मुद्दाम हरत होतात, हे आता कळलं. कागद सोबत पाठवते आहे. मी ठेवून काय करू?

स्टेफा


४ जून

एनार,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण काम कुठवर आलंय ते लिहिते, कारण इथे ज्याला सांगावं असं कुणी नाही. शेजारच्या बायका विचारतात, "स्टेफा, या वयात हे काय गं आरंभलंस?" मी म्हणते, तीस वर्षं शाळेची बस चालवली, रोज सकाळी बसभोवती फेरी मारून चाकं, दिवे, दारं तपासली. मला यंत्रांची भीती नाही.

ट्रेलरची जमीन कुजली होती. प्लायवूडवर पाय ठेवला की पावासारखं दबायचं. ते काढायचं तर कवच सांगाड्यापासून सुटं करून वर उचलावं लागतं. कडेचे सगळे बोल्ट कापले. मग चारही कोपऱ्यांना जॅक लावून, एकेक कोपरा दोन-दोन बोटं उचलत, खाली लाकडी ठोकळे सरकवत गेले. दोन दिवस लागले. शेवटी कवच दोन तुळयांवर अधांतरी राहिलं आणि मी लोखंडी सांगाडा खालून एकटीने ओढून उजेडात आणला.

फुटलेला कोपराही जमला. आतून फायबरचं कापड लावायचं, त्यावर राळ ओतायची, रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे, सुकलं की दुसरा थर. पहिल्या दिवशी राळेत कडक करायचं औषध जास्त पडलं आणि डबा हातात असतानाच गरम होऊन धुमसायला लागला. गवतात फेकला. दुसऱ्या दिवसापासून मापाने घातलं. पाच थर झाले. मग घासायचं. घासताना ती पूड बाहीतून आत जाते आणि सबंध अंगाला खाज सुटते. थंड पाण्याने धुवायचं, गरम पाण्याने नाही. गरम पाण्याने ती कातडीत मुरते. हे मला फ्रीझनने सांगितलं. फ्रीझन म्हणजे गावातला वेल्डर, नदीपलीकडे दुकान आहे तो. तू असताना नव्हता.

फ्रीझनला सांगाडा दाखवायला बोलावलं होतं. तो आला, बघून गेला.

आता या वर्षी डास फार आहेत. खिडक्यांच्या रबरी पट्ट्या विनिपेगहून मागवल्या आहेत.

एक विचारते. त्या दिवशी गाडी रस्ता सोडून खड्ड्यात जाण्याआधी तुला मागून काही जाणवलं होतं का? पोलिसांना तू तसं काहीतरी म्हणाला होतास, असं आठवतं. सहज विचारते आहे.

स्टेफा


२७ जून

एनार,

तुझं पत्र आलं. "आता का विचारतेस? तेव्हा विचारलं नाहीस." बरोबर आहे. तुझ्या जागी मी असते तर एवढंही लिहिलं नसतं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. फ्रीझन नुसता बघून गेला नाही.

ट्रेलर गाडीला जोडायचा जो पुढचा दांडा, तो मोडलेला होता, तुला ठाऊक आहे. आपण सगळे समजत होतो की गाडी खड्ड्यात जाऊन रस्त्याखालच्या मोरीवर आदळली तेव्हा तो मोडला. फ्रीझन गुडघे टेकून त्या मोडलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून चष्मा काढला.

"हा आधी कुणी वेल्ड केला होता?" त्याने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने. अपघाताच्या महिनाभर आधी. बारीक तडा गेला होता."

"रंगही त्यानेच दिला?"

"हो. काळा. का?"

"बाई, हे बघा. वरची कड आहे ना, तिथे वेल्ड लोखंडात उतरलंय. खालच्या अर्ध्या भागात उतरलेलंच नाही. नुसतं वरून चिकटलंय. आणि आत बघा, भेगेच्या आत. काळा रंग आहे."

"मग?"

"मग काय? दांडा आदळून मोडला असता तर आत रंग कसा जाईल? रंग दिला तेव्हा भेग उघडीच होती. हा दांडा निम्म्या लोखंडावर लोंबत होता. रस्त्यावर चालता चालता मोडला असणार. मोडला की पुढचं टोक जमिनीत घुसतं आणि गाडीला मागून हिसका देऊन फेकतं. चालवणारा काही करू शकत नाही. हळू चालवत असला तरी."

त्याला काही माहीत नव्हतं. कुणाबद्दल बोलतोय हेही माहीत नव्हतं.

तडा तुलाच दिसला होता, एनार. तू म्हणालास, गावातल्या दुकानात नेतो. ओरेस्ट म्हणाला, "दुकानात कशाला? माझ्याकडे मशीन आहे, अर्ध्या तासाचं काम." तू त्याच्यावर विश्वास ठेवलास. मीच तुम्हा दोघांना अंगणात कॉफी आणून दिली होती.

नंतर ओरेस्टच्या कपाटात मला पत्र्याचा डबा मिळाला. त्यात दांड्याचं मोडलेलं दुसरं टोक होतं, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. म्हणजे त्याला माहीत होतं. पोलीस शेडमध्ये आला तेव्हा ओरेस्टनेच त्याला सांगितलं होतं, "तोंडावर आपटला की असाच मोडतो. मी स्वतः तपासला होता, पक्का होता." ते पोलिसाने लिहून घेतलं आणि विषय संपला. तू दुपारी दोन बिअर घेतल्या होत्यास, ते तूच सांगितलंस. मग सगळ्यांना सोपं झालं.

तुझ्यावर बेफाम चालवल्याचा ठपका आला, तो तू मान्य केलास. मी हॉलमध्ये म्हणाले, "माझ्या बहिणीला तू मारलंस. पोरीला तुझ्या हाती देणार नाही." तू मान खाली घालून उभा होतास. हिवाळ्यापुरती म्हणून सिग्नीला माझ्याकडे ठेवलंस आणि पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रूपर्टला, पुन्हा मासेमारीच्या बोटीवर गेलास. तो हिवाळा मी बारा वर्षं लांबवला.

तू डार्काला मारलं नाहीस. हे तुला लेखी हवं असेल तर हे घे. फ्रीझनही लिहून द्यायला तयार आहे.

स्टेफा


१३ ऑगस्ट

एनार,

सिग्नीला सांगितलं. तू लिहिलं होतंस, "तिला तूच सांग, आणि समोर बसून सांग." तसंच केलं.

जुलैत एका शनिवारी आली होती. आम्ही दोघी बाहेरचे जुने रिव्हेट काढून नवे बसवत होतो. मी आतून दाबून धरायची, ती बाहेरून ठोकायची. मी हातातलं काम ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. वेल्ड, रंग, डबा, फ्रीझन काय म्हणाला ते. संपल्यावर म्हणाली,

"आवाज आधी आला होता."

"हो."

"मी तुला सांगितलं होतं, तेता. स्वयंपाकघरात. मागून धाडकन झालं, मग बाबा ओरडले, मग आम्ही पडलो. मी तीनदा सांगितलं."

"हो."

"आणि तू तीनदा म्हणालीस, नाही बाळा, आवाज नंतर आला, आदळल्यावर. तू घाबरली होतीस, तुला उलटसुलट आठवतंय."

मी ते म्हणाले होते. आठ वर्षांच्या पोरीला म्हणाले होते. नंतर पोलिसातली बाई तिच्याशी बोलायला आली तेव्हा सिग्नी म्हणाली, "मला आठवत नाही." मी शेजारी बसले होते, तिचा हात हातात घेऊन.

"तुला माहितीये," सिग्नी म्हणाली, "मी अजून पेशंटचं बीपी एकदा बघून लिहीत नाही. दोनदा बघते, मग दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला सांगते. शिकवणाऱ्या बाई मला म्हणतात, तुझे कान चांगले आहेत, विश्वास का नाही तुझा? मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मग तिने विचारलं, "वुइकोला माहीत होतं?" ओरेस्टला ती वुइको म्हणायची, काका. मासे पकडायला, नदीवर, बर्फावर, जिथे तिथे त्याचं बोट धरून जायची.

"हो," मी म्हटलं.

"आणि तुला?"

"मला मे महिन्यात कळलं."

तिने हातमोजे काढून डब्यावर ठेवले, गाडीत बसली आणि गेली. त्याला चार आठवडे झाले. फोन उचलत नाही. परवा निरोप आला, "मी ठीक आहे. मला आत्ता बोलायचं नाही."

तुला एक खरं सांगते. आम्हाला मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि गेलं, हे फक्त डार्काला माहीत होतं. तुमच्या घरून परतताना मी गाडीत गप्प बसायची आणि ओरेस्ट रेडिओ लावायचा. सिग्नी आमच्याकडे राहायला आली त्या पहिल्या सकाळी न्याहारीला तीन ताटल्या मांडल्या. बहीण मातीत जाऊन आठवडा झाला नव्हता, आणि मला त्या तिसऱ्या ताटलीचं बरं वाटलं. मी ते कुणाला कधी सांगितलं नाही. पाद्र्यालाही नाही.

ट्रेलरचं काम चालू ठेवलंय. फ्रीझनने सांगाडा सगळा नव्याने बांधून दिला, जाड लोखंडाचा. नवा आस, नवी चाकं. नवं प्लायवूड दोन्ही बाजूंनी राळ पाजून बसवलं. खिडक्या झाल्या. पाण्याचा पाइप मारून तासभर बघत बसले, एक थेंब आत आला नाही. दुसरं काही करता येत नाही म्हणून हे करते.

स्टेफा


२४ सप्टेंबर

एनार,

सिग्नी गुरुवारी सकाळी निघाली. हे पत्र पोचेपर्यंत ती तुझ्याकडे असेल. कॉलेजातून एका सत्राची सुट्टी घेतली आहे. तुझा-तिचा फोन होतो, हे तिनेच सांगितलं. एवढंच सांगितलं.

त्याआधीच्या रविवारी मी चर्चच्या हॉलमध्ये बोलले. प्रार्थनेनंतर सगळे पेरोहीच्या उकडलेल्या करंज्या आणि कोबीचे रोल खायला बसतात, तेव्हा उठून उभी राहिले. पाद्र्याला आधी विचारलं होतं. म्हणाले, "स्टेफा, गेलेल्या माणसाबद्दल आहे, नीट विचार कर." मी म्हटलं, "जो जिवंत आहे त्याच्याबद्दल इथेच उभी राहून बोलले होते, तेव्हा कुणी विचार कर म्हणालं नाही."

मी सांगितलं की डार्काच्या मरणात एनारचा दोष नव्हता. दांडा ओरेस्टने वेल्ड केला होता, वेल्ड कच्चं होतं, त्याला ते नंतर कळलं आणि त्याने लपवलं. मी एनारला जे बोलले ते खोटं होतं. एवढं बोलून बसले.

कुणी जेवेना. मग ओरेस्टचा थोरला भाऊ तारास टेबलाला हात टेकत उठला. ऐंशीचा आहे आता.

"वेल्ड कच्चं असेल," तो म्हणाला. "माणसाच्या हातून होतं. पण लपवलं म्हणतेस? माझ्या भावाला लहानपणी साखर चोरल्याचंही लपवता आलं नाही. आईने बघितलं की रडायला लागायचा. तो गेल्यावर त्याच्या नावावर असलं काही टाकू नकोस."

"डबा त्याच्याच कपाटात होता, तारास."

"असेल," म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला. त्याच्या घरचे सगळे मागोमाग उठले. आता रस्त्यात भेटले तर बघत नाहीत.

सोमवारी पोलीस ठाण्यात गेले. फाइल केव्हाच बंद झाली आहे, पण माझं आणि फ्रीझनचं म्हणणं लिहून घेतलं. त्याची प्रत सोबत आहे. याने तुझं काही परत येणार नाही, मला कळतं.

सिग्नी बुधवारी संध्याकाळी आली. जेवली नाही, वाटेत खाल्लं म्हणाली. सकाळी मी तिला ट्रेलर जोडून दाखवला. तिने माझ्याकडून हिसकावून घेतल्यासारखं करून स्वतः पुन्हा जोडला. साखळ्या ओढून बघितल्या, दिवे बघितले, खाली वाकून दांड्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "किती छान केलास गं." तिला ते म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. लगेच गाडीत जाऊन बसली.

मी खिडकीशी गेले. म्हटलं, "डोंगरात उतारावर सावकाश."

"हो."

"सिग्नी—"

"तेता, नको. मला रडत चालवायचं नाही."

मी बाजूला झाले.

काही गोष्टी तुला माहीत हव्यात. ऑक्टोबरपासून तिला खोकला लागतो, छातीत जातो, दुर्लक्ष करू नकोस. रागावली की भांडी घासते, घासू दे. मासे आवडतात, पण डोकं काढून दे. ट्रेलरच्या दाराची कडी वर उचलून मगच फिरवायची. छतावरची खिडकी उघडी ठेवून चालवू देऊ नकोस. डार्काचा वाढदिवस ती कुणाशी न बोलता काढते.

पोचली की तिला सांग, मला कळवायची गरज नाही. नाही, असं सांगू नकोस. तूच कळव. दोन शब्द पुरेत.

स्टेफा


१५ ऑक्टोबर

एनार,

काल तुझा फोन आला. तुझा आवाज ओळखला नाही, आधी कुणी म्हातारा चुकून लावतोय असं वाटलं. मग तू म्हणालास, "पोर पोचली. केव्हाच पोचली. आधीच कळवायला हवं होतं."

तू म्हणालास, "बारा वर्षं मी समजत होतो मी मारलं. त्याची सवय झाली होती, स्टेफा. रोज सकाळी उठून तेवढं अंगावर घ्यायचो आणि बोटीवर जायचो. आता तू म्हणतेस ते माझं नव्हतंच. मग ही बारा वर्षं मी कुठे ठेवू?"

मग तू विचारलंस, "ओरेस्टला जमलं कसं? तो पत्ते खेळताना हातातला एक्का लपवू शकत नव्हता. पोलिसाच्या तोंडावर खोटं बोलला? इतकी वर्षं पोरीला मांडीवर घेऊन गप्प राहिला? मला ते समजतच नाही." मी म्हटलं, मलाही समजत नाही. मग तू म्हणालास की आता पत्रं नकोत, आणि फोन ठेवलास.

हे शेवटचं. तू ओरेस्टबद्दल विचारलंस त्याचं खरं उत्तर मी दिलं नाही, म्हणून लिहिते.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओरेस्टला जेवायला बोलवायला शेडमध्ये गेले. तो उलट्या बादलीवर बसला होता, मोडलेलं टोक हातात घेऊन. अंगठा भेगेत घालून बघत होता. मला बघून रडायला लागला. म्हणाला, "स्टेफा, रंग आत गेलाय. हे माझ्यामुळे झालं. मी उद्या सकाळी पोलिसांकडे जातो. एनारला आधी सांगतो."

मी म्हटलं, "तू कुठेही जायचं नाहीस."

तो म्हणाला, "अगं, तो समजतोय त्याने मारलं."

मी म्हटलं, "डार्का परत येणार आहे का? तू सांगितलंस की ते तुला धरतील आणि पोर त्याच्याबरोबर जाईल. तो बोटीवरचा माणूस, तो काय सांभाळणार तिला? तिला घर हवं, ते आपल्याकडे आहे." मी खूप बोलले. तो नुसता "नाही, नाही" करत होता. शेवटी मी म्हटलं, "तू सांगितलंस तर मी या घरात राहणार नाही." मग तो गप्प झाला. ते टोक फडक्यात मीच गुंडाळलं. डबाही मीच दिला. तो मला या वर्षी मिळाला नाही. कुठे आहे ते मला बारा वर्षं माहीत होतं. पोलिसाला काय सांगायचं ते वाक्य मी त्याला स्वयंपाकघरात चारदा म्हणायला लावलं.

सिग्नीने मला त्या आवाजाबद्दल सांगितलं ते यानंतर. ती घाबरून उलटसुलट सांगते आहे असं मला कधीच वाटलं नाही.

ओरेस्टने ट्रेलर मोडीत घालू दिला नाही, कारण तो मोडीत गेला असता तर पुरावा म्हणून काहीच उरलं नसतं. दरवर्षी वसंतात एकदा विचारायचा, "स्टेफा, आता सांगायचं का?" मी म्हणायची, "ती शाळेतून पास होऊ दे." मग म्हणायची, "कॉलेजात जाऊ दे." गेल्या वर्षी त्याने विचारलं नाही. आणि मग तो गेला, आणि मी त्याच्या नावावर सगळं टाकून हॉलमध्ये उभी राहिले. तारास खरं बोलत होता. मी त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडलं.

फ्रीझनला बोलावलं ते मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते बाहेर यायला हवं होतं म्हणून. माझ्याच्याने होत नव्हतं. ट्रेलर दुरुस्त करायला घेतला तोही त्यासाठीच असेल. माहीत नाही. सिग्नीसाठीही होता, ते खोटं नाही.

तारासला मी उद्या जाऊन सांगणार आहे. दार उघडलं तर. नाही उघडलं तर पायरीवर उभी राहून सांगेन. पोलिसांकडेही पुन्हा जाईन. महिनाअखेर घर सोडते आहे, गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत.

सिग्नीने मला विचारलं होतं, "आणि तुला?" मी म्हटलं, मेमध्ये कळलं. तिच्याशी माझं शेवटचं मोठं बोलणं झालं ते हे. हे पत्र तिला दाखवायचं की नाही, मी सांगणार नाही. तिने काय आठवावं आणि काय विसरावं, तिने कुठे राहावं, कुणाला माफ करू नये, हे आजवर मीच ठरवत आले. हे एक तू ठरव.

स्टेफा